पैनगंगेचा पलीकडचा काठ

भीमपूर, रविवार, १६ जानेवारी १९९४

पाणपक्ष्यांची मोजणी झाली. याच दिवसांत कितीतरी देशांतली माणसं आपापल्या पाण्याकाठी बसून मोजतात, आणि सगळ्यांचे आकडे परदेशी एका ठिकाणी जातात. आमच्या वाट्याला पैनगंगा. अलीकडचा आंध्राचा काठ माझा, पलीकडचा महाराष्ट्राचा मामांचा.

पूर्वी नदीवरून ओरडून भांडायचो. एक पक्षी दोनदा मोजणीत धरायचा नाही, मग मधल्या वाळूवरचे चक्रवाक कुणाचे? मामा म्हणायचे, "तिबेटातून आले ते. तुह्या आंध्रात कायले येतीन?" किती हसायचो.

आज मामा पलीकडे येऊन बसले, पण दुर्बीण नव्हती. मोतीबिंदू.

"डोयानं दिसत नाही रे. औंदा मी नाही मोजून राह्यलो."

"तुमचा काठ मी मोजतो, मामा."

"लव्हाळ्यातले तुले तिथून काय दिसतीन? अंदाजानं लिहिशील. नको."

खरंच होतं. पलीकडच्या लव्हाळ्यातून बदकांचे आवाज येत होते, बदकं दिसत नव्हती. मग ओरडून सांगितलं, मधले चक्रवाक मी धरले. मामा भांडले नाहीत. का? तेच संध्याकाळपासून मनात आहे.

तक्ता भरताना पलीकडच्या काठापुढं शून्य लिहिणार होतो. पण शून्य म्हणजे तिथं काही नव्हतं. बदकं होती. मामाही होते, मी उठेपर्यंत बसून. जागा कोरी सोडली. परदेशात जो कुणी वाचेल, त्याला हा फरक कळेल का?