दोन नावांचे मठ

सेरंगून, सिंगापूर
दि. ४ मे १९९७

प्रिय अनुजा,

आम्ही दोघे कुशल आहोत. तुझ्याकडे इंग्लंडात अजून गारठा असेल. खोकला झाल्यास अंगावर काढू नकोस. येथे आपल्या ब्लॉकची लिफ्ट अखेर दुरुस्त झाली. फेब्रुवारीतल्या तुझ्या फोननंतरचे माझे हे पहिलेच पत्र, म्हणून मुद्द्यावर येतो.

सोबत तुझ्या एकशे बारा मठांची यादी आहे. या वेळी प्रत्येक मठापुढे दोन्ही नावे आहेत: ज्या संताला तो प्रथम अर्पण झाला त्याचे, आणि पुढे ज्याच्या नावाने तो ओळखला गेला त्याचे. डिसेंबरात तू तुझ्या नोंदींची कार्डे माझ्यापाशी ठेवलीस, मी यादी टाइप केली, आणि 'बाबांनी तपासलंय म्हणजे झालं' म्हणत तू ती न पाहता तुझ्या प्राध्यापकांना दिलीस. बोटीच्या कागदांत एका मालाला दोन नावे असली की माल धक्क्यावर अडतो. बंदरावरच्या नोकरीतल्या तीस वर्षांच्या त्या सवयीने मी प्रत्येक मठाचे जुने नाव चूक समजून गाळले.

तू फोनवर म्हणालीस, "बाबा, पहिलं नाव हाच तर माझा विषय होता! तुम्हाला जुनं काही ठेवताच येत नाही का?" मी उत्तर दिले, "मग तसं लिहून द्यायचं होतंस." तुझे वाक्य केवळ यादीविषयी नव्हते, हे मला तेव्हाही कळले होते.

गेल्या महिन्यात कार्डे पुन्हा काढली. संजीवनी वाचून दाखवी, मी टाइप करी. पॅरिसजवळच्या एका मठापाशी ती थांबली. मठ संत व्हिन्सेंटला अर्पण केलेला. पुढे तेथे पुरलेल्या जर्मेन या बिशपांची कीर्ती वाढली आणि लोक मठाला त्यांच्या नावाने ओळखू लागले. तरीही दानपत्रांत दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहिली जात, असे तू बारीक अक्षरात नोंदवले आहेस.

"बघा," संजीवनी म्हणाली, "नव्या संताने जुन्याला घराबाहेर नाही काढलं. मग अनुजाच्या आईचा, जयवंतीताईंचा फोटो कुठाय? भिंतीवर नुसता खिळा आहे. विचारीन विचारीन म्हणत राहिले."

"तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून काढला."

"मला विचारलंत?"

तिने हातातले कार्ड टेबलावर ठेवले.

"आणि अनुजाला काय सांगितलंत?"

येथे मला सरळ लिहिणे भाग आहे. डिसेंबरात तू आलीस तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. आईचा फोटो कुठे, पाटीवरचे तिचे नाव कुठे, असे तू दारातच विचारलेस. मी म्हणालो, "संजीवनीला ते बरं वाटत नाही." ते खोटे होते. तिने तसे कधीही म्हटले नव्हते. फोटो, पाटी, साड्या, सर्व मी एकट्याने, ती या घरात येण्याच्या आठ दिवस आधी हलवले. जयवंती गेल्यावर तीन वर्षे मी त्या फोटोसमोर जेवलो. त्याच्यासमोर दुसरीच्या हातचे जेवण्याची मला लाज वाटत होती, आणि तू विचारल्यावर ती लाज मी संजीवनीच्या नावावर खपवली.

हे सारे मी तिलाही सांगितले. "म्हणून ती पोरगी माझ्या हातचा चहासुद्धा घेईना!" संजीवनी म्हणाली. "तिला वाटलं असेल, ही बया आईला पुसायलाच आली." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी टेबलाशी येऊन बसली. "पुढचं कार्ड घ्या. तिची प्रबंधाची तारीख जवळ आलीय."

प्रबंधाचे किती नुकसान झाले, मला ठाऊक नाही. चूक सर्वस्वी माझी होती, असे तुझ्या प्राध्यापकांना लेखी कळवण्यास मी तयार आहे. माझ्यावरचा राग राहू दे. तो योग्य आहे. तिच्यावरचा मात्र काढून घे, आणि जमल्यास तिला दोन ओळी लिही. या पत्रात चार शब्द घाल, असे मी तिला म्हटले. तिने पेन परत केले. म्हणाली, "आधी तुमचं पोचू दे."

नेहमीप्रमाणे खाली आशीर्वाद लिहीत नाही. हे सारे वाचूनही तो माझ्याकडून घ्यावासा वाटला, तर कळव.

बाबा