पळताना धाप लागते का?

सोमवार, ४ मार्च
लहान मुलांच्या दम्याची ओपीडी. अठरा पोरं! पाच वर्षांखालच्यांना श्वास मोजायच्या मशीनमध्ये धड फुंकता येत नाही — निम्मी थुंकतात, उरलेली हसतात. म्हणून सगळी भिस्त मी फॉर्मवरून विचारते त्या चार प्रश्नांवर. दिवसा खोकला? रात्री जाग? दम लागल्यावर घ्यायचा निळा पंप लागला? पळताना धाप लागते का? चारही 'नाही' आले की दमा आटोक्यात, आणि डॉक्टर रोजच्या पंपाचा डोस कमी करतात.

टोपीवालीचे आज चारही 'नाही'. चार वर्षांची आहे, पण टोपी काढायची नाही म्हणजे नाही! बाबा सायकली दुरुस्त करतात. "सिस्टर, पास झाली ना पोरगी?" मी म्हटलं, पहिल्या नंबरानं! डोस निम्मा झाला.

मंगळवार, ५ मार्च
पाय दुखताहेत. आज लिहिण्यासारखं काही नाही.

बुधवार, २० मार्च
टोपीवाली ॲडमिट. पहाटे आणली तेव्हा श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. दुपारपर्यंत ऑक्सिजन. आता धोका नाही.

बाबांनी विचारलं, "डोस कमी केला म्हणून झालं का हो?" मी म्हटलं, डॉक्टर सांगतील. आणि सटकले. भित्री कुठली!

गुरुवार, २१ मार्च
वॉर्डात दोन पोरं खाटांभोवती पळत होती, आरडाओरडा नुसता. टोपीवाली खुर्चीत बसून बघत होती. आजारी आहे म्हणून असेल, असं वाटलं. तरी बाबांना विचारलं — घरीही अशीच बसते?

"पहिल्यापासून. पळापळीचा नादच नाही तिला. फार गुणी पोर."

डोक्यात लख्ख उजेड पडला. जी पळतच नाही, तिला पळताना धाप कुठून लागणार! धाप लागते म्हणूनच तिनं पळणं सोडलं असणार. आणि मी स्वतःच्या हातानं 'नाही' लिहिलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

शुक्रवार, २२ मार्च
डॉक्टरांना सगळं सांगितलं. चूक माझी, तेही सांगितलं.

"फॉर्म बारा वर्षं हाच आहे."
"मग बारा वर्षं चुकतोय."

जीभ जरा जास्तच चालली. पण मागे हटले नाही. पेन घेऊन त्यांच्यासमोरच प्रश्न खोडला आणि लिहिला: मूल बरोबरीच्यांइतकं पळतं का? शेवटचं कधी पळालं? त्यांनी कागद पुढ्यात ओढला, दोनदा वाचला. मग सही केली.

मग टोपीवालीच्या बाबांकडे गेले. आडपडदा न ठेवता सांगितलं. वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. लेकीची टोपी सारखी केली, म्हणाले, "पुढच्यांना तरी नीट विचारा." बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

मंगळवार, २६ मार्च
जुने फॉर्म उपसले. चारही 'नाही'वाले त्र्याहत्तर! एकेकाला फोन लावतेय. क्लार्क म्हणतो, नसती उठाठेव. म्हणू दे.

एक आजी भडकल्या, "आमचा नातू पळत नाही, उडतो! धरायला या तुम्हीच!" मनापासून हसले. पण एका आईनं प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाली, "चढ आला की ती कडेवर घे म्हणते... मला वाटायचं, लाडात येते." सोमवारी बोलावलंय.

चाळीस झाले. उरलेले तेहतीस झाल्याशिवाय सुट्टी घेणार नाही.

गुरुवार, २८ मार्च
माझी लेक साडेचारची. एका जागी तासन्‌तास रमते, कसला म्हणून त्रास नाही — येईल त्याला कौतुकानं सांगत असते मी. संध्याकाळी सहज म्हटलं, चल, कोपऱ्यापर्यंत शर्यत!

"तू पळ ना आई," म्हणाली. "मी इथून बघते."