तीन ठोके

३ मार्च
पनवेलला पोचले. नर्सिंग ब्यूरोच्या नीताताईंचं तोंड गोड करायला हवं, अशी जागा दिली. दहा वर्षं हॉस्पिटलच्या ड्युट्या करून अंगाचं चिपाड झालंय. इथे एकच पेशंट आणि दुपारी चक्क झोप. बळीरामकाका करंजाचे कोळी, पूर्वी नेव्हीत होते. सून दिपिका उलव्याला राहते, रविवारी मासळी घेऊन येते. घर गव्हाणच्या रस्त्याला, खाडीकाठी. भराव टाकून रस्ता इतका उंच झालाय की खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फक्त चपला दिसतात.

हाक मारायला काकांना दम पुरत नाही. म्हणून ठरलं, त्यांनी पितळी वाटीने नळाच्या पाइपवर तीनदा ठोकायचं, मी स्वयंपाकघरात त्याच पाइपवर तीनदा ठोकून ‘आले’ म्हणायचं.

९ मार्च
नखं कापताना काका युद्धातलं सांगत होते. त्यांची बोट मालाच्या जहाजांची राखण करायची. पाणबुडीचा माग आवाजावरून लागतो, पण बोट तिच्या बरोब्बर डोक्यावर आली की यंत्राला काहीच ऐकू येत नाही. तेव्हाच अंदाजाने डेप्थ चार्ज टाकायचे, म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणारी दारूची पिंपं. मग इंजिन बंद करून ऐकायचं. खालची माणसं खोकतसुद्धा नाहीत.

कानाला यंत्र लावून काका बसायचे. एकदा खालून ठोके आले, लोखंडावर, तीन. काकांनी कॅप्टनला सांगितलं. पुढची पिंपं नेमकी लागली.

“सांगायचाच काम व्हता माजा,” म्हणाले, आणि पेज मागितली. वाईट वाटलं. झोपही येत होती.

१४ मार्च
दुपारी ठोके आले. अर्धवट झोपेत मी उलट ठोकले आणि गेले. काका गाढ झोपलेले, वाटी स्टुलावर पालथी. उठल्यावर सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला.

“तू जवाब दिलास? आता त्याना आपली जागा कलली.”

रागावले नाहीत. मीच चिडले. असल्या गोष्टींना माझ्यात त्राण नाही.

संध्याकाळपासून वर घरघर. डंपर असेल. पण डंपर रस्त्याने जातो. ही खाडीकडून येते, स्लॅबवरून जाते, वळून परत येते.

१५ मार्च
दिपिका आली तेव्हा सगळं शांत. मी सोडते म्हटलं. बदली बाई येईपर्यंत थांबा म्हणाली. काकांना एकटं कसं टाकू?

१७ मार्च
काकांनी पंखा बंद करायला लावला. घड्याळही काढलं. आम्ही कुजबुजतो.
“घरघर डोक्यावर येऊन बंद पडली, का पलंगाखाली जा. तवाच टाकतान.”

१८ मार्च
डेप्थ चार्ज पडला. फरशी उडाली, भांडी खाली. रस्त्यावरच्या चपला तशाच चालत होत्या — कोणी थबकलंसुद्धा नाही. दार भरावात रुतलंय, उघडत नाही. फोन लागत नाही. स्लॅबला भेग, पाणी ठिबकतंय. चाखलं. खारट.
काका म्हणाले, लांब पडला.

१९ मार्च
पाणी घोट्याला. खोकला आवरत नाही त्यांना. तोंडावर उशी धरली मी — मी, नर्स —

भीती वाटते. खूप.

काकांनी वाटी घेतली. रडतायत. म्हणतात, पाणबुडीतली ती पोरं जागा सांगत नव्हती, जिवंत हाव म्हनत व्हती. आपन बी सांगू. वरचा कोणी ऐकेल —

हात धरायला हवा होता. नाही धरला.

ठोकले. तीन.

घरघर वळली. येतेय. जवळ — भिंत थरथरते — डोक्यावर —

बंद पड