सासूबाईंचा चष्मा

शुक्रवार, कोरगाव

सासूबाईंचा चष्मा आज एकदाचा दुरुस्त झाला. सोमवारी काडी तुटली तेव्हापासून त्या जवळजवळ गप्पच होत्या. काही विचारलं की नुसत्या हसायच्या. सुधीर म्हणाला, आई रुसली असेल. पण कशावर?

पेडण्यात चष्म्याच्या दुकानात म्हणाले, फ्रेम जुनी झालीय, नवीनच घ्या. मी तशीच बाजारातल्या घड्याळवाल्याकडे गेले. त्याने घड्याळाचा बारीक स्क्रू बसवून दिला आणि चहापुरते पैसे घेतले.

घरी येऊन सासूबाईंना चष्मा दिला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "हां, आता बोल."

आता बोल? चष्म्याचा आणि बोलण्याचा काय संबंध? त्या तर पेपरसुद्धा वाचत नाहीत. सहज मनात आलं म्हणून गॅसकडे तोंड करून मी विचारलं, "आई, चहा ठेवू?" उत्तर नाही. मग वळून, त्यांच्यासमोर तेच विचारलं.

"ठेव गो, साखर कमी घाल."

म्हणजे त्या माझे ओठ बघून ऐकतात! कधीपासून? आम्हाला कुणालाच कसं कळलं नाही? समोर बसून हळूच विचारलं, तर आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाल्या, "सुधीराक सांगू नको हां. फुकट काळजी करतलो."

कानाच्या डॉक्टरकडे तर नेणारच आहे. पण आज जेवताना मी त्यांच्या शेजारचं नेहमीचं पान सोडून समोर बसले. किती बोलल्या!