पडद्यावर मी एकटीच
बोईसर

लाडक्या रखमास, अक्काचा पोटभर आशीर्वाद.

आम्ही मजेत. गुडघा कुरकुरतो, ते सोड. अगं, आमची नात स्वरा फोनवरून पोरांना गणित शिकवते! एका अ‍ॅपात आवाज तुटायचा, दुसरं सारखं पासवर्ड मागायचं. आता तिसरं आणलंय. प्रत्येकाची परीक्षा आधी माझ्यावर. मी ओट्यापाशी फोन धरून बसते, ती बाहेरून ओरडते, "आजी, फळा दिसतो का?" "दिसतो गं, तुझं विस्कटलेलं डोकंपण दिसतं!"

अर्धी भाकरी आणि पाव भाकरी मिळून पाऊण, हे आकड्यात लिहायला शिकले मी या वयात.

पण रखमा, काल वर्गात मी एकटीच होते. पोरांच्या घरी एकेकच फोन, तो बापाबरोबर कंपनीत जातो. अ‍ॅप तरी काय करणार? तरी ती तासभर माझ्याकडे बघून शिकवत राहिली. येत्या सोमवारीही कुणी आलं नाही, तर वर्ग बंद करून कंपनीत पॅकिंगला जाणार म्हणते.

फोन केला तर ती ऐकेल, म्हणून लिहिते. तुझी नातवंडं बरी ना? सोमवारी पाचला त्यांना बसव, लिंक पाठवते. नातवंडं नसली तर तू बस, बाई. गणित नाही आलं तरी चालेल, तुझं तोंड तेवढं दिसू दे.

तुझी वाट बघणारी,
रंभाअक्का