कढईनंतरचा नंबर

सोमवार, ३ मार्च

पहारेकऱ्याची बंदूक रात्री घरीच असते. आज त्याच्या बायकोनं सांगितलं, त्यानं मान हलवली. सराफाच्या दुकानावर उभा राहणारा माणूस; बंदूक स्वतःची, परवानाही त्याच्याच नावावर. महिनाभर समुपदेशनाला माझ्यासमोर बसून "नको झालंय सगळं" म्हणतोय, आणि मी हे विचारलंच नव्हतं! आज बायको सोबत आली म्हणून कळलं.

"झोपत नाहीत हो. उठून कपाटापाशी जाऊन बसतात."

"कपाटात काय आहे?"

तिनं आधी त्याच्याकडे बघितलं. मग तिनं सांगितलं.

म्हटलं, काही दिवस ती घराबाहेर ठेवू या. तो ताडकन उठला. "बंदूक गेली की नोकरी गेली. मग राहिलं काय? आणि इथलं बाहेर जाणार नाही म्हणाला होतात!" म्हणाले होते. जिवावर बेतलं तर सोडून, हेही म्हणाले होते. पण पहिल्या दिवशी ते पुढचं वाक्य कोण ऐकतं?

बऱ्याच वेळानं एवढंच कबूल झाला: कपाटाची किल्ली आणि काडतुसं मेहुण्याकडे, आणि रात्री मेहुणा सोबतीला. किल्ली मिळाल्याचा मेहुण्याचा फोन आला तेव्हा कुठे मी चहा घेतला.

मंगळवार, ४ मार्च

गुरुबाईंकडे गेले. मला हे काम त्यांनीच शिकवलं, अजूनही अडले की त्यांचंच दार. रागावल्या नाहीत — तेच जास्त लागलं.

"पुरेसं नाही हे. बंदूक बाहेर गेली पाहिजे. तो नाहीच म्हणाला तर तुला पोलिसांना सांगावं लागेल, तेव्हा कचरायचं नाही. पण त्याच्या पाठीमागे नको. त्याला सांगून. आणि होईल तोवर त्यालाच बोलू दे."

निघताना म्हणाल्या, "डॉक्टर खोकला आहे का विचारतात ना? तसं विचारायचं. सगळ्यांना. चेहरे बघून निवडायचं नाही."

माझी जीभच वळत नाही. समोरच्यावर आळ घेतल्यासारखं वाटतं.

बुधवार, ५ मार्च

ओट्यापाशी सराव! भांडी घासता घासता मोठ्यानं — "घरी बंदूक आहे का? हाताशी असते का?" एकदा फौजदारासारखं झालं, एकदा शाळेतल्या बाईंसारखं. धाकटी म्हणाली, "आई, कढई कबूल झाली का?" बाहेर अण्णा पेपर वाचत होते, तेही हसले. सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांचं हसणं आजच ऐकलं.

गुरुवार, ६ मार्च

अण्णांनी खोली आवरायला काढली. चांगलं घड्याळ माझ्या नवऱ्याला, नवे बूट शेजाऱ्यांना. "मला आता कुठे मिरवायचंय?" नेमबाजीच्या बक्षिसांचं कपाट तेवढं तसंच ठेवलं. बाकी खोली कशी मोकळी झाली. मन रमतंय त्यांचं, बरं झालं.

शुक्रवार, ७ मार्च

पहारेकरी आला. मी सरळ सांगितलं — बंदूक घरात राहिली तर मला गप्प बसता येणार नाही. कुणाशी, काय बोलेन, तेही सांगितलं. मला वाटलं, निघून जाणार. त्यानं खिशातून फोन काढला. मग म्हणाला, "तुम्ही नका. मीच बोलतो."

माझ्यासमोरच सराफाला स्पीकरवर फोन लावला. "शेठ, मला बरं नाही. मनानं बरं नाही. सध्या बंदूक हातात नको. दुसरं काही काम असेल तर..." शेठ म्हणाले, "आधी सांगायचंस की रे. कॅमेऱ्यांसमोर बस. पडदा बघायला बंदूक कशाला?"

फोन ठेवून त्यानं तोंड झाकलं.

आता मेहुणा आणि तो मिळून बंदूक परवानाधारक बंदूकविक्रेत्याकडे जमा करणार.

शनिवार, ८ मार्च

आज जो आला त्याला विचारलं. कुणीही रागावलं नाही. एक आजी म्हणाल्या, "बंदूक कुठली बाई, दात नाहीत घरात!"

रविवार, ९ मार्च

पहारेकऱ्याच्या बायकोचा फोन. बंदूक जमा झाली. "आणि काल घोरले हो! इतकी वर्षं त्या घोरण्याला शिव्या घातल्या, काल ऐकत पडले." एवढ्यावर सगळं संपलं असं नाही. पण आज जेवताना मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

रविवार, संध्याकाळी

अण्णा ओट्यापाशी आले. बक्षिसांच्या कपाटाची किल्ली ओट्यावर ठेवली. त्या कपाटात त्यांची जुनी रायफल आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती कपांबरोबर पुसत आले आहे.

"त्या दिवशी हसलो खरा," म्हणाले. "मग वाट बघत होतो. म्हटलं, कढईनंतर माझा नंबर लागेल."

घड्याळ. बूट. मोकळी खोली!

हात ओले होते, तसेच त्यांच्या हातावर ठेवले. विचारलं, "अण्णा, जीव नकोसा होतो का?"

"रोज नाही."

मी सून. त्यांच्यासाठी मला समुपदेशकाच्या खुर्चीत बसता येणार नाही. गुरुबाईंनी सकाळची पहिलीच वेळ दिली आहे. आज नवरा त्यांच्याच खोलीत झोपेल, किल्ली माझ्यापाशी. उद्या आधी गुरुबाई, तिथून बंदुकीचं दुकान. अण्णांची एकच अट आहे — गाडीत पुढे बसणार.