उत्कर्षाची पट्टी

५ नोव्हेंबर २००६, रविवार, सकाळी ७
आजपासून हडपसरच्या फ्लॅटवर दर रविवारी मुलांसाठी क्रिएटिव्ह म्युझिक क्लास. मी सॉफ्टवेअर टेस्टर, चुका काढण्यात हातखंडा. शिकवणं म्हणजे आणखी काय? साहित्य: पेटी, वाट्या, चमचे, इंटरनेटवरची बेचाळीस पानं (ऑफिसचा प्रिंटर). भाग्यश्री उत्कर्षाला घेऊन धायरीला माहेरी गेली, त्याचा क्लासशी काही संबंध नाही.

संध्याकाळी
मुलं तीन, तिन्ही शेजारच्या परवीनभाभींची. उत्कर्षा आली नाही. रिक्षा मिळाली नसेल.

१२ नोव्हेंबर
उत्कर्षा आली! आठ वर्षांची लेक दारात दिसली आणि डोळ्यांत पाणी आलं. शेजारी कांदा चिरत असावेत. काळी एकमध्ये सा लावला, माझी पट्टी तीच. भाभींचा नबील म्हणाला, काका, हे गाणं फार खाली आहे, तळघरात. आगाऊ आहे. उत्कर्षाचा आवाज लागेना. तीनदा थांबवलं, प्रेमानेच. मग ती वाट्या पुसत बसली. कल तालाकडे दिसतो.

१९ नोव्हेंबर
उत्कर्षाचं पोट दुखतंय, असा भाग्यश्रीचा फोन. कुठल्या बाजूला, विचारलं. आपण डॉक्टर कधी झालात, म्हणाली. इतकी वर्षं ‘अहो, तुम्ही’ होतं, आता ‘आपण’. आदर वाढतोय. चांगली खूण आहे.

२६ नोव्हेंबर
उत्कर्षा नाही. परवीनभाभी शाळेत गाणं शिकवतात. म्हणाल्या, एवढ्याशा पोरांना काळी एक? निदान काळी चार तरी लावा. भाभी गेल्यावर दार लावून स्वतः काळी चारमध्ये गाऊन बघितलं. घसा फाटला, बराच वेळ खोकलो. पोरीला दोन वर्षं माझ्या पट्टीत गायला लावून बेसूर म्हणत होतो. भाग्यश्रीसमोर, पाहुण्यांसमोर. फार वाईट वाटलं. जेवलो नाही.

पुढच्या रविवारी धायरीला जायचं. पेटी घेऊन. एका बैठकीत सगळं दुरुस्त होईल.

३ डिसेंबर
जिन्यातच आवाज ऐकला. उत्कर्षा गात होती, वरच्या पट्टीत, मोकळ्या गळ्याने. मी दारात दिसलो आणि ती थांबली. म्हटलं, आता तुझ्या पट्टीत वाजवतो, गा. तिने आईकडे पाहिलं. मग म्हणाली, बाबा, तू खाली थांब ना, तू समोर असलास की येत नाही.

पार्किंगमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसलो. तीन गाणी म्हणाली. एकही सूर चुकला नाही. वर जाऊन तिला सांगायचं होतं. गेलो नाही.